स्टेशनाची पाठ

चिखलीले आजलोक रेल्वे आली नाई. मापं घेणारे साहेब येऊन गेले, पुढारी भाषणं देऊन गेले, खामगावची लाईन जालन्यापावतर जाणार अन् मधात चिखलीचं स्टेशन होणार म्हणून आमच्या सासऱ्यानं दोनदा पेढे वाटले. रूळ काही आला नाई. तरी एका साली चिखलीत आगगाडी उभी राह्यली होती. भगवानराव पाटलाच्या, म्हंजे माह्या सासऱ्याच्या माजघरात, भादव्यातल्या महालक्ष्म्यायच्या पुढं. अन् ती आणली होती म्या! कोणाले खोटं वाटत असंल तं वाटो. पाहून गेलेल्या बाया अजून जित्या हायेत, जाऊन इचारा.

तवा सीपी-बेरारचं राज्य होतं, कचेरीवर तशी पाटी होती, अन् खामगावले जायाले सर्विस मोटार होती. मी त्या घरात सून होऊन चार-पाच सालं झाली होती. माह्यं माहेर जलंबचं. घाटाखाली, खामगावची लाईन जिथं मोठ्या लाईनीले मिळते ना, ते जलंब. माहा बाप पुंजाजी, तिथं रेल्वेच्या फाटकावर होता. गाडी यायची झाली की फाटक लावाचं, झेंडी दाखवाची, गाडी गेली की फाटक उघडाचं. ऐकाले सोपं वाटते. उन्हातान्हात करून पाहा म्हणा! माही माय मी रांगत होती तवाच गेली. बापानं दुसरी केली नाई. एका हातावर मी अन् दुसऱ्या हातात हिरवी झेंडी, अशी मी वाढली. स्टेशनाच्या मागं कंपनीनं एक खोली देल्ली होती, तेच आमचं घर.

आता फाटकवाल्याची पोर पाटलाच्या घरात कशी आली, हे तुम्ही इचारणारच. सासरे एकदा बैलायच्या दमणीत बसून जळगाव जामोदले सोयऱ्यायकडं चालले होते. फाटक लागलेलं होतं अन् मालगाडी काही येईना. रिकामा माणूस बोलल्याबिगर राह्यते का? बोलता बोलता कूळ निघालं, गोत निघालं, दोघायच्या मावश्या एकाच गावातल्या निघाल्या. मालगाडी निघून जाईपावतर माही सोयरीक ठरून गेली होती.

माह्या सासूले, झुंबरबाईले, हे कधी पटलं नाई. तिनं आपल्या भावाची पोरगी मनात धरून ठेवली होती. "रस्त्यावर उभ्या उभ्या सून आणली," असं ती साऱ्या आळीले सांगे. मले म्हणे खाऱ्या पाण्याची, कारण आमच्या घाटाखालच्या विहिरी खाऱ्या. मले म्हणे बिनवावराची. "काय वं शालू, तुह्या बापाचं वावर कोणतं? दोन रूळायच्या मधातलं?" अन् माही जाऊ आशाबाई खी खी हासे. मी उलट बोलत होती बरं! मी काही मुकी सून नव्हती. "माह्या बापाच्या वावरातून मुंबईची गाडी जाते, तुमच्या वावरातून काय जाते? रानडुकरं!" असं म्या तोंडावर म्हटलं होतं. त्याचे भोग भोगले, पण म्हटलं.

पण एक गोष्ट मात्र काळजाले झोंबे. माहा बाप साल दोन सालातून रजा काढून मले भेटाले ये. निळा कोट, पितळेची बटनं घासून चकचकीत केलेली, डोक्याले लाल पटका. ओसरीवर बसे. सासरे त्याच्याशी मनापासून बोलत, चहा ये, पान ये. पण जेवणाची वेळ झाली की घरातून कोणी "जेवून जा" म्हणत नसे. सुनेचा बाप म्हंजे इवाई. आमच्यात इवायाले दारातून उपाशी लावणं म्हंजे तोंडात मारणं. सासरे बाहेर पाटील होते, सयपाकघरात त्यायचं काही चालत नव्हतं. माहा बाप आपणच उठे. "मोटारीची वेळ झाली बाई," म्हणे, अन् तसाच उपाशीपोटी निघून जाये. मी दाराआडून त्याची पाठ पाह्यत राहो, अन् माह्या अंगाचा नुसता भडका होये.

त्या साली श्रावणात आम्ही साऱ्याजणी महालक्ष्म्यायचं धान्य निवडत बसलो होतो. गोठ निघाली आराशीची. दरसाल तेच, केळीचे खांब अन् फराळाची ताटं. बुढी, म्हंजे माही सासू, म्हणे यंदा काही नवं करा वं, कुळकर्ण्याच्या इथं गेल्या साली बाग केली होती, साऱ्या बाया तिथंच बसल्या. म्या म्हटलं, "मी जलंबचं स्टेशन करतो."

आशाबाई हासली. बुढी हासली नाई. तिनं सूप खाली ठेवलं.

"कर," म्हणे. "पाह्यू तं तुह्या बापाची दौलत. रोज ऐकून ऐकून कान किटले. महालक्ष्म्यायपुढं मांड. मांडण्याजोगी निघाली, तं मी माह्या तोंडानं तुह्या बापाले जेवाले बोलावीन. नाई निघाली, तं पुन्हा या घरात माहेरचं नाव काढाचं नाई. तो ओसरीवरही नाई येणार. कबूल?"

साऱ्या बाया माह्या तोंडाकडं पाहू लागल्या. पण मागं सरीन तं पुंजाजीची पोर कसली? "कबूल," म्हटलं.

म्हणून तं बसली, पण कराचं कसं? मले बिलकीस आठवली. शकूरभाऊ ताबूतवाल्याची बायको. चिखलीतले मोहरमचे ताबूत त्यायच्याच घरी बनत. शकूरभाऊ बांबूच्या कामट्यायचा सांगाडा बांधे अन् बिलकीस कागदाची जाळी कापे. अशी जाळी कापे की कातर हाये का सुई, कळत नव्हतं. तिचं माहेर वरवट बकालचं, तीही घाटाखालची, म्हणून आमचं पयल्यापासून जमे. तिले सांगितलं तं ती म्हणे, "तू फिकर नको करू शालू. असं स्टेशन करू की तुही सास तिकीट मागंल."

खाटेच्या दोन जुन्या फळ्या घेतल्या. जमीन कराची म्हणून फुटकी मडकी पालथी घातली, त्यावर गोणपाट चिखलात भिजवून अंथरला. पण इथला चिखल लालसर. जलंबची माती काळीकुट्ट, भेगा पडणारी. मंग नाल्याकाठच्या वावरातून टोपलंभर काळी आणली, चाळली, वरून शिपडली. वाळली तवा तिच्यात आपोआप भेगा पडल्या अन् मले असा आनंद झाला की काय सांगू!

माप काय धराचं, हा मोठा घोर होता. स्टेशन केवढं, झाड केवढं, गाडी केवढी? म्या एक ठरवलं. मातीचा बाप केला, बोटाच्या दोन पेरायएवढा. मंग बाकी सारं त्याच्या मापानं. दार त्याच्यापेक्षा थोडं उंच. डब्याची पायरी त्याच्या गुडघ्याएवढी. सिंगलचा खांब तो मान वर करून पाहीन एवढा. बिलकीस म्हणे, इंजिनेरायजवळ फूटपट्टी असते, तुह्याजवळ बाप हाये. म्या म्हटलं, हो, हाये!

गवत म्हणून पयले गहू पेरला. आठ दिवसात गहू असा तरारला की जमीन दिसेना, बाप तं पार बुडून गेला. सारा उपटला. मंग राजगिरा पेरला, तो बरोबर बसला. रूळायखालचे लाकडी ठोकळे तुराट्यायचे केले, रूळ कामट्यायचे, काळे रंगवले अन् वरची धार तेवढी बेगड लावून चकचकीत केली. रोज गाडी जाते तो रूळ वरून चमकते अन् बाजूनं गंजते, हे म्या बिलकीसले समजावून सांगितलं. खडी म्हणून खापर खलबत्त्यात कुटलं. आशाबाई म्हणे, खलबत्ता बाटवला. म्या धुऊन देल्ला, काय बाटला? तारेचे खांब शिंदीच्या झाडूच्या काड्यायचे, तारा सुताच्या. तारेवर मोहरीचे दाणे खळीनं चिकटवले. लांबून पाह्यलं की चिमण्या बसल्या हायेत!

छपराची कवेलू म्या स्वतः केली. कुंभार जशी मोठी करते तशीच, ओल्या मातीची नळी तुराटीवर वळवाची, मधातून चिराची, वाळवाची अन् चुलीच्या राखेत भाजाची. टोपलं भरलं. बोटं सोलून निघाली. बिलकीसनं कोळसेवाल्या डब्यासहित सारं इंजिन काळ्या कागदाचं केलं, चाकं वाळल्या भोपळ्याच्या कवचीची. धुरासाठी म्या उदाची काडी खोचणार होती, तवा ती अंगावर धावून आली. "कागद हाये शालू, राख होईल साऱ्याची!" मंग पिंजलेल्या कापसाले काजळी चोळून धूर केला. वऱ्हाडातलं इंजिन, धूर कापसाचाच पाह्यजे.

सारं झालं, राह्यलं स्टेशन. ते बिलकीसनं घरी करून आणलं. पाटीवरचं फडकं काढलं अन् मी पाह्यतच राह्यली. माय वं, काय सुंदर काम! चारी बाजूनं कमानी, चारी बाजूनं जाळ्या, वरती बारका घुमट.

"बिलकीस," म्हटलं, "हा ताबूत हाये."

ती रागावली. "मंग? ताबूतच तं येते मले. कोणत्याही बाजूनं माणूस आला तं त्याले समोरची बाजू दिसली पाह्यजे, असं माह्या सासऱ्यानं शिकवलं. त्याले पाठ नसते."

"स्टेशनले असते."

"पाठ कोण पाह्यते?"

"आम्ही पाह्यली!" मी एकदम ओरडली. "समोरची बाजू तिकीटवाल्यायची. फुलाच्या कुंड्या, घंटा, साहेबाची खुर्ची, सारं तिकडं. आमची खोली मागं होती. मी जनमभर पाठच पाह्यली."

अन् बोलता बोलता मलेच उमगलं. मी इतके दिवस काय करून राह्यली होती? लोकायचं स्टेशन. मोटारीतून उतरून गाडीत बसणाऱ्या माणसाचं. ते दाखवाले मी कशाले पाह्यजे, ते तं कोणीही पैसा देऊन पाहून येते. मले दाखवाचा होता माहा बाप, अन् तो कुठं राह्यते ते मीच भितीकडं फिरवून ठेवलं होतं. लाज वाटत होती मले, दुसरं काय? बुढी खोली पाहून नाक मुरडंल म्हणून.

दोघीनं मिळून फळ्या उचलल्या अन् सारं स्टेशन उलटं फिरवलं. पाठ पाहुण्यायकडं. घुमट काढला, तीन बाजूच्या जाळ्या काढल्या, बिलकीसनं तोंड वाकडं करत काढल्या. मंग चुन्याची साधी भिंत, तिच्यातली एक खिडकी, अन् तिच्या मागं आमची खोली. दाराशी चूल. घासलेटच्या डब्यात लावलेली तुळस. दोरीवर बापाचा धुतलेला सदरा. अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. कवेलूच्या वरून पलीकडे उभ्या इंजिनाचं धुराडं अन् कापसाचा धूर तेवढा दिसे, अन् बाजूले फाटक. फाटकाशी बाप. निळ्या चिंधीचा कोट, हाती झेंडी. म्या त्याच्या दुसऱ्या हातावर एक दाणा माती लावली अन् तिले चिंधीचं झबलं घातलं. ती मी.

बिलकीस लय वेळ पाह्यत राह्यली. मंग म्हणे, "हे खरं हाये," अन् डोळे पुसू लागली.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी आशाबाईनं आरास पाह्यली अन् सासूले हाक मारत बोंब ठोकली. "आत्याबाई, पाहा वं हिनं काय केलं! पाहुण्या बायायले टेसनाची पाठ दाखवते! वाळत घातलेले कपडे दाखवते देवीले!" बुढी दारातूनच म्हणे, "आता फिरवाले वेळ कुठी हाये? मांडलं ते मांडलं. तिच्या नशिबी जे असंल ते." म्या मनात बापाची माफी मागितली. वाटलं, तुह्यं ओसरीवरचं येणंही म्या बंद केलं बाबा.

आमच्या घरची रीत अशी. मुखवटे हातात घेऊन सवाष्णी दारापासून पावलापावलानं आत येतात. कुंकवाच्या पावलावर पाऊल ठेवत, मागून ताट वाजत. जिथं थांबल्या तिथं घरात काय हाये ते देवीले सांगाचं. हे कोठार, ही चूल, हे देवघर. अन् देवीले खोटं सांगाचं नाई. कोठार अर्धं असंल तं अर्धं म्हणाचं. झुंबरबाई कशीही असो, ही रीत तिनं कधी मोडली नाई. एका साली दुष्काळ होता तं तिनं साऱ्यायच्या देखत सांगितलं होतं, "कोठार रिकामं हाये माय, तू पाहून घे."

मोठीचा मुखवटा बुढीच्या हातात, धाकटीचा आशाबाईच्या. मी मागं हळदीकुंकवाचं ताट घेऊन. आळीतल्या साऱ्या बाया जमलेल्या, बिलकीस दाराशी उभी. कोठार झालं. चूल झाली. देवघर झालं. माजघरात पावलं आराशीपाशी येऊन थांबली.

बुढी खाली वाकली. तुळशीचा डबा पाह्यला. चूल पाह्यली. दोरीवरचा सदरा पाह्यला. वर धूर पाह्यला. ताट वाजवणाऱ्या बायाही थांबल्या. मंग तिची नजर फाटकाशी गेली. निळा कोट. हातात झेंडी. कडेवर पोर.

अन् बुढीनं काय करावं? तिनं मुखवटा एका हातानं छातीशी धरला, दुसऱ्या हातानं पदर कपाळापावतर पुढं ओढला, अन् अंग चोरून बाजूले सरकली. जसं घरात इवाई आले म्हंजे आपण बाया वाट देतो, तश्शी! मातीच्या दोन पेराच्या बाहुल्याले!

मंग आशाबाईले हासू फुटलं. "आत्याबाई, मातीचा हाये तो!" तिच्या मागून आणखी दोघी हासल्या.

मेली आता मी, म्हटलं. साऱ्या आळीदेखत हिचं हसं झालं, अन् तेही माह्यापाई. बुढीचं तोंड कानापावतर लाल झालं. ती सरळ उभी राह्यली. पदर काही मागं घेतला नाई.

"मातीचा असो का हाडामासाचा," म्हणे. "इवाई हायेत माहे. दात काय काढता?"

हासू जागच्या जागी मेलं. बुढीनं मुखवटा वर उचलला, देवीले नीट दिसावं म्हणून आराशीकडं वळवला, अन् सांगू लागली.

"हे शालूचं माहेर, माय. ही खोली. हे फाटक. हा तिचा बाप. बायको गेली तं दुसरी नाई केली यानं, पोर कडेवर घेऊन गाड्या सांभाळल्या." मंग ती थांबली. मले वाटलं झालं. पण ती देवीसमोर उभी होती, अन् अर्धं कोठार भरलेलं हाये म्हणून सांगणारी बाई ती नव्हती. "अन् या घरानं त्याले आजलोक जेवाले घातलं नाई. म्या नाई घातलं."

माह्या हातातलं ताट डगमगू लागलं. आशाबाईनंच ते धरलं, खोटं काऊन बोलू.

बुढीनं माह्याकडं न पाह्यताच हाक मारली, "कडूबा!" कडूबा म्हंजे माहा नवरा. तो ओसरीवरून आला. "उद्या सकाळच्या मोटारीनं जलंबले जाय. इवायायले म्हण, महालक्ष्म्यायचं जेवण हाये, झुंबरबाईनं बोलावलं हाये. माह्यं नाव घेऊन सांग. त्यायले घेतल्याशिवाय परत येऊ नको."

मंग काय इचारता! रातोरात गोठ गावात पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायायची रीघ लागली. ज्यायनं आयुष्यात रूळ पाह्यला नाई अशा बुढ्या येऊन बसल्या, अन् मी त्यायले सांगू, हे सिंगल, हे धुराडं, हा माहा बाप. चिमण्या पाहून एक म्हणे, उडवून लाव वं, तार घाण करतीन! मोहरीचे दाणे हायेत म्हटल्यावर तिनं मले जवळ घेऊन माही बोटं पाह्यली. कुळकर्ण्याच्या इथं तं कोणी गेलंच नाई. बिलकीसले म्या माह्या बाजूले बसवली अन् येणाऱ्या हरेक बाईले म्हटलं, हे इंजिन हिनं केलं. फुगून गेलो होतो आम्ही दोघी, अन् काऊन नाई फुगाचं?

दुपारी नैवेद्य झाला. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. घरातले पुरुष भुकेले झाले. पाट मांडले होते, पण बुढीनं कोणाले बसू देल्लं नाई. सासरे एकदा डोकावले तं म्हणे, "इवाई आल्याबिगर पंगत नाई." दिवस कलला. माह्या मनात आलं, बाप नाईच आला तं? जिद्दी माणूस. इतक्या सालाचा उपाशी गेलेला, एका सांगाव्यानं येईल का?

दिवेलागणीले मोटारीचा भोंगा वाजला. माहा नवरा पुढं अन् मागं माहा बाप. बदली माणूस मिळवून आला होता. निळा कोट, घासलेली बटनं, लाल पटका. सवयीनं तो ओसरीवरच टेकाले गेला. बुढी पदर पुढं ओढून दारात आली, पाय धुवाले पाण्याचा तांब्या स्वतः पुढं ठेवला अन् म्हणे, "आत या. इथं बसाचं नाई आता."

तो आत आला. महालक्ष्म्यायले हात जोडले अन् त्याची नजर खाली आराशीवर गेली. हळूच उकिडवा बसला. डब्यातल्या तुळशीले बोट लावून पाह्यलं. सदऱ्याले लावलं. मंग मले म्हणे, "स्टेशनाची पाठ काऊन केली वं बाई? लोक तं पुढून पाह्यतात."

"आपलं घर मागंच होतं ना बाबा," म्हटलं. अन् मले रडू आवरेना. साऱ्यायदेखत रडली मी, अन् मले त्याची काडीचीही लाज नाई.

त्यानं फाटकाशी उभा असलेला आपला बाहुला पाह्यला. त्याच्या कडेवरचा मातीचा दाणा पाह्यला. मंग घसा खाकरून म्हणे, "पोरगी जड होती पण ही. झेंडी धराले लय तरास द्याची." सारं घर हासलं, बुढीसुद्धा.

"इवाईबुवा, ताट वाढलं," ती म्हणे. "सारे तुमच्यासाठी थांबले हायेत."

तो उभा राह्यला अन् पंगतीकडं पाहू लागला. भगवानराव पाटील, त्यायचे भाऊ, पोरं, सारे पाटाजवळ हात धुऊन उभे. कोणी बसलं नव्हतं. जनमभर माणसं त्याच्या फाटकावर थांबली ती शिव्या देत थांबली. अशी थांबलेली माणसं त्यानं कधी पाह्यली नव्हती. सासऱ्यानं त्याचा हात धरला अन् आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. बुढीनं पुरणपोळी वाढली, वरून तूप. तो नको नको म्हणे, ती धार काही थांबवेना. अन् मी दारात उभी राहून पाह्यलं, माह्या बापानं माह्या सासरी पयला घास घेतला.